वाचनालयाची मागची खिडकी

आज ट्रंक उघडताच वेखंडाचा वास आला आणि ठाण्याचे वाचनालय आठवले. कसर लागू नये म्हणून तिथे पुस्तकांत वेखंड ठेवीत. संध्याकाळी एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. बायकांना आत मज्जाव होता. माझी थोरली विधवा बहीण आक्का देवळातून परतताना मला घेऊन मागच्या खिडकीखाली उभी राही. तिला बाहेरचे जग कळे ते तेवढेच.

एकदा वाचणारा अडखळला आणि आक्का हसली.

"कोण हसलं?" आतून आवाज आला. "ती खिडकी लावा हो, वारा लागतो."

"उद्या उघडतील रे," आक्का म्हणाली. आम्ही महिनाभर तिथे जात राहिलो; खिडकी बंदच असे.

चैत्र होता, झाडाचे पानही हलत नव्हते, हे माझ्या आक्का गेल्यावर लक्षात आले.