लाल सोफ्यावरचा राहून गेलेला प्रश्न

डॅन्यूब नदीकाठच्या ब्राइला गावात धक्क्यावर तराफ्याचे दोर बांधणारा पोम्पिलियु तसा अबोल. खोटं पकडणाऱ्या मशीनचा टीव्हीवरचा कार्यक्रम त्याची बायको लुक्रेत्सिया जीव टाकून बघायची. एकदा तिने नवऱ्याचंच नाव परस्पर पाठवून दिलं आणि बुखारेस्टहून बोलावणं आलं.

आधी बंद खोलीत चाचणी व्हायची. छातीला पट्टे, बोटांना तारा. मशीन चालवणाऱ्या झेनोबियाबाईंनी त्याला खूप काही विचारलं. शेवटी म्हणाल्या, "पुन्हा लग्न करायची वेळ आली, तर हीच बायको कराल?"

पोम्पिलियु क्षणभर अडखळला. मग म्हणाला, "हो."

तेच प्रश्न पुढे स्टेजवर विचारायचे, समोर लाल सोफ्यावर बायकोला बसवायचं आणि मशीनचा निकाल तेव्हाच सांगायचा, अशी रीत होती. पण चित्रीकरणाआधीच कार्यक्रम बंद पडला. कार्यक्रमासाठी घेतलेला निळा झगा लुक्रेत्सियाने भाचीच्या लग्नात घातला. बंद खोलीतला तो शेवटचा प्रश्न आणि आपलं उत्तर मात्र पोम्पिलियुने तिला सांगितलं होतं.

"काय रे, 'हो' म्हणालास ते खरं की खोटं?" स्वयंपाक करता करता ती मधूनच विचारायची.

"मशीनला विचार," म्हणून तो हसायचा.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका वसंतात लुक्रेत्सिया छातीच्या दुखण्याने गेली. रिकाम्या घरात पोम्पिलियुला ते अडखळणं छळू लागलं. आपण का थांबलो? मशीनने काय टिपलं असेल? शेवटी तो बुखारेस्टच्या गाडीत बसला आणि विचारत विचारत झेनोबियाबाईंच्या दारात पोचला. बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. दुकानदारांच्या संशयित नोकरांची चाचणी घेऊन पोट भरत होत्या.

"ते कागद केव्हाच फेकले हो," त्या म्हणाल्या.

"मग परत लावा तारा. आत्ता विचारा."

"नको. माणूस गेल्याचं दुःख असलं की काटा नुसता थरथरतो. त्यातून काही कळत नाही." बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. "तुमच्या बायकोने कधी हे विचारलं, तर तुम्ही काय सांगायचात?"

पोम्पिलियुने कप हातात घेतला. "हसण्यावारी न्यायचो."

त्याने चहा संपवला, टोपी घातली आणि स्टेशन गाठलं.

परतीच्या गाडीत समोर मोजे विणणारी एक बाई होती. "कुठे निघालात?" एवढंच तिने विचारलं, आणि पोम्पिलियु बोलायला लागला. लुक्रेत्सियाचं मोठ्याने हसणं, कोबीच्या पानात भात गुंडाळताना तिचं गुणगुणणं, थंडीत धक्क्यावर त्याच्यासाठी सूप घेऊन येणं. अर्ध्या वाटेवरचं फउरेय स्टेशन गेलं तरी तो थांबला नाही.

"फार जीव होता हो तुमचा त्यांच्यावर," बाई म्हणाली.

"होता," तो म्हणाला. "तिला सांगायचं राहून गेलं."

बाईने विणकाम मांडीवर ठेवलं. बाहेर सूर्यफुलांची शेतं सरकत होती.