वालाचं साल

कुणी हे वाचलंच, तर चुकांची आणि वेड्यावाकड्या अक्षराची माफी असावी. मी चौथीच शिकले.

पालघरला कॉलेजजवळच्या शाकाहारी खानावळीत मी वाल सोलायचे. रोज जेवायला येणारे एक मास्तर आधी ताटाचा वास घेत, मग बसत. एकदा वालाच्या बिरड्यातलं पातळ साल चिमटीत धरून ते ओरडले, "हे मासळीचं खवलं! बाई मुरब्याच्या कोळीवाड्यातली ना?"

मालकाने त्यांना महिन्याचे पैसे परत दिले. "बाईच्या पगारातून कापतो, साहेब."

मी भिजलेला वाल आणून त्यांच्यासमोर सोलला आणि साल त्या खवल्याशेजारी ठेवलं. दोन्ही सारखीच. जेवायला बसलेली कॉलेजची पोरं हसली.

"आमी कामाला येतो तवा मासली घरीच ठेवतो," एवढंच मी बोलले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझ्या पगारातून कापायचे ते सगळे पैसे मला आणून दिले. पण तळहातावर वरून टाकले, बोट लागू न देता.