शीडवाले आप्पा

आप्पा खर्डेकर बोलता बोलता मधेच थांबायचे, तोंड फिरवून गालावर वारा घ्यायचे आणि मगच पुढचं वाक्य बोलायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा आपल्यावर रुसला. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर तेराव्याला घरच्यांचं सांत्वन करतानाही त्यांनी असं केलं होतं. "नौदलात उमर गेली," ते म्हणायचे. "माणूस खोटं बोलंल, वारं न्हाय बोलत."

निवृत्त होऊन कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीला परतताना आप्पांनी एक लांबडी फळी आणि जांभळं शीड आणलं. कोल्हापुरात समुद्र नाही, पण शहराच्या कडेला एक तलाव आहे. त्या तलावात, पासष्टी उलटल्यावर, हा माणूस बनियन आणि लाइफ जॅकेट घालून विंडसर्फिंग करायचा. लोक त्या खेळाला शीडफळी म्हणत आणि चहा पीत बघत बसत. आप्पा पडले की काठावर टाळ्या वाजायच्या. पाण्यातूनच ते हात वर करून त्या स्वीकारायचे.

माझी त्यांची भेट भांडणानं झाली. तलावाच्या सुशोभीकरणाचा आराखडा करणाऱ्या एका खासगी कार्यालयात मी इंजिनिअर होते. मोजणीची तिपाई लावून काठावर उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, जरा सरकतासा? तुम्ही रस्त्यात उभ्या हाईसा."

मागे डोक्यावर फळी घेतलेले आप्पा होते. रस्ता कुठेच नव्हता, नुसता मातीचा उतार होता. मी नकाशा दाखवला. इथे चार फुटी भिंत, वर रेलिंग आणि फोटो काढायला गोल चौथरा.

"आणि पाण्यात कुठनं जायाचं?"

"पाण्यात कशाला जायचं, आप्पा? बघायला छान दिसेल की."

त्यांनी गालावर वारा घेतला. "बायको बी बघायला छान हुती माझी. पण मी लगीन बघण्यासाठी न्हवतं केलं."

मग त्यांनी मला शिकवणीच दिली. वारा अंगावर आला तर शीड माणसाला काठावर आपटतं. पाठीमागून आला तर पलीकडे नेऊन सोडतं, मग दिवस परत येण्यातच जातो. वारा आडवा पाहिजे. पश्चिमेचा वारा आडवा मिळतो असा उघडा उतार अख्ख्या तलावाला हा एकच. बाकी सगळीकडे काठावर रचलेल्या दगडांचं पिचिंग नाहीतर झाडं.

मला पटलं. आमच्या साहेबांना पटलं नाही. "भिंतीत दहा पायऱ्या देऊ," ते म्हणाले. आप्पांनी वाद घातला नाही. साहेब जागेवर आले त्या दिवशी त्यांच्या हातात शीड जोडलेली फळी दिली आणि म्हणाले, "ही पायरी समजा. उतरा." साहेबांनी दोन पावलं टाकली, वारा शिडात शिरला आणि साहेब जागच्या जागी फिरून पुन्हा आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. आप्पा गंभीरपणे म्हणाले, "वर चढलासा की तुम्ही."

साहेब हसले, पण नकाशा बदलला नाही.

मे महिन्यात लोकांच्या हरकती ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी आडवा वारा समजावून सांगितला. मागून कुणीतरी म्हणालं, "एका म्हाताऱ्याच्या खेळासाठी भिंत अडवायची व्हय?" हॉल हसला. पडल्यावरच्या टाळ्यांनाही हात उंचावणारे आप्पा पहिल्यांदाच खाली बघत बसले. ते हसू मला झोंबलं, पण मी नकाशा काढणाऱ्यांच्या बाजूच्या खुर्चीत होते.

मग शेवंताक्का उठली. ही आप्पांची जुनी वैरीण. तिच्या म्हशी त्याच उतारावरून पाण्यात उतरायच्या आणि शीड फडफडलं की उधळायच्या. दोघांची रोज तिथे जुंपायची.

"ह्याचं ते फडफडणारं मला बघवत न्हाय," ती म्हणाली. "त्यापायी माझी म्हस दोन दिस दूध चोरती. पण सायब, म्हशीला रेलिंगवरनं उडी मारता येत न्हाय. आमचा उतार ऱ्हाऊ द्या."

आता कुणी हसलं नाही. हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या गोठ्यात म्हैस होती. एकेकजण उठून बोलायला लागला आणि अर्ध्या तासात नकाशातल्या भिंतीला तीस फुटांचं खिंडार पडलं. ते खिंडार मीच आखलं. आयुष्यात इतक्या आनंदानं रेघ कधी खोडली नव्हती. शेवंताक्कानं जाता जाता आप्पांना बजावलं, "म्हशी पाण्यात असताना शीड उभं करायचं न्हाय." आप्पा म्हणाले, "व्हय की."

जूनमध्ये वारा सुटला. आप्पांनी मला उतारावर बोलावून घेतलं. फळी तयार होती, पण स्वतः ते पायजमा-सदऱ्यात होते. "डॉक्टरनं संक्रांतीलाच सांगितलंतं," ते म्हणाले. "काळीज दमलंय. फळी बंद."

म्हणजे सभेत उभे राहिले तेव्हा त्यांना ठाऊक होतं. साहेबांना गरागरा फिरवलं तेव्हाही.

"मग एवढं भांडलात कुणासाठी?"

"कोण तरी येईल की."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पवता येतंय न्हवं?"

आप्पांना जाऊन वर्ष झालं. त्याआधीचे दोन पावसाळे ते त्या उतारावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मला शिकवत होते. बाजूला शेवंताक्का असायची, माझ्या पडण्याची तिला म्हशींइतकीच काळजी. पहिले कित्येक रविवार मी नुसती पाणी प्याले. मग एकदा शीड भरलं, फळी सुटली आणि पायाखाली पाणी पळायला लागलं. मला राहवलं नाही. आप्पांनी पाहिलं का ते बघायला मी काठाकडे मान वळवली आणि धाडकन पडले.

वर आले तेव्हा शेवंताक्का पदर तोंडाला लावून हसत होती. आप्पा खुर्चीतून उठून पाण्याच्या कडेपर्यंत आले होते.

"मी बघतोय की," ते म्हणाले. "तुम्ही म्होरं बघा."