न निघणारी बाही

धाकटी चाळिशी ओलांडून गेली होती, तरी सगळा बाजार तिला धाकटीच म्हणायचा. शिवणाच्या त्या दुकानात माणसं दोनच. भावाला सगळे दादा म्हणायचे, मग उरलेली ती धाकटी. दोन मशीनं, कापायचं लांब टेबल, खिळ्याला टांगलेले कागदी साचे आणि कोपऱ्यात फळीवर एक लहानसा टीव्ही. शाळांचे गणवेश, नर्सांचे कोट, पहारेकऱ्यांचे शर्ट, असा सगळा एका छापाचा माल. एक शर्ट शिवला की पुढचा अगदी तसाच. यात हसण्यासारखं काही नाही असं दादाचं मत होतं, आणि दादाचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

वडिलांनी मागे ठेवलेला नियमही एकच होता. कच्चा टाका दुकानाचा उंबरठा ओलांडता कामा नये. कापड जागच्या जागी राहावं म्हणून आधी सैल दोरा घालतात, एक हिसका दिला की सुटणारा, तो कच्चा टाका. असं अर्धवट काम नजरेला पडलं की दादाचे हात शिवशिवायला लागायचे. भरल्या ताटावरून उठून तो ते पक्कं करून यायचा.

धाकटीचा जीव मात्र त्या टीव्हीत अडकला होता. दर शुक्रवारी संध्याकाळी ‘रिकामटेकडी मंडळी’ हा कार्यक्रम लागायचा. पाच जणांचा तो चमू अर्धा तास जे काही करायचा, त्याला ना शेंडा ना बुडखा. एक माणूस आपल्या खुर्चीला डॉक्टरकडे घेऊन जातो, का तर तिला बसता येत नाही. डॉक्टर खुर्चीचा ताप बघतो, तिला जीभ दाखवायला सांगतो आणि आठवडाभर आडवं पडून राहा म्हणतो. एक फोटोवाला न आलेल्या लोकांचा फोटो काढतो, आणि रिकाम्या जागेला पुन्हा पुन्हा सांगतो की उंच मंडळींनी मागे जावं. मग गोष्ट संपायच्या आतच ती मंडळी दुसरीकडे निघून जायची.

वेडेपणा काय, कुणीही करतं. धाकटीला भुरळ पडली होती ती त्यांच्या चेहऱ्यांची. कुणी डोळा मिचकावायचं नाही, कुणी ‘बघा कशी गंमत केली’ असं दाखवायचं नाही. खुर्चीचा मालक खरोखर काळजीत असायचा. दिवसभर सगळं जग मापात बसवून झाल्यावर, मापात न बसणारं काहीतरी तितक्याच निगुतीनं शिवलेलं तिला बघायला मिळायचं. ती हसायची म्हणजे अशी, की डोळ्यांतून पाणी, तोंडात धरलेल्या टाचण्या टेबलावर, आणि पोट धरून ती स्टुलावर.

दादा टीव्हीकडे पाठ करून मशीन चालवत राहायचा.

“यात अर्थ काय?” तो विचारायचा.

“काही नाही.”

“मग हसतेस कशाला?”

सुरुवातीला ती समजावून सांगायला जायची. खुर्ची, डॉक्टर, ताप. दादा हात वर करायचा. “मला नको सांगूस. माझं डोकं ठिकाणावर राहू दे.” असं बरेचदा झाल्यावर तिनं सांगणं सोडून दिलं. टीव्हीचं सोडा, हळूहळू बाकीचंही काही ती त्याला सांगेनाशी झाली. एकाच छताखाली दोघं दिवसभर बटणांबद्दल बोलायची.

आणि मग नशीब फळफळलं. त्या मंडळींचे कपडे सांभाळणाऱ्या काकांना डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा ओवता येईना. हाताखाली कुणीतरी हवं होतं. धाकटीला कळलं तशी ती टेप गळ्यात घालून थेट स्टुडिओत हजर झाली. काकांनी तिची काजं बघितली, शिवण उलटी करून बघितली आणि तिला पुढच्या प्रवेशाचे कोट शिवायला दिले.

“पुढच्या शुक्रवारचा कार्यक्रम थेट आहे,” काका म्हणाले. “पुन्हा घेऊ म्हणायची सोय नाही. हे कोट नीट पार पडले, तर माझी खुर्ची तुझी.”

धाकटी घरी चालत आली की तरंगत, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. त्या पाच वेड्यांमध्ये उरलेलं आयुष्य काढायचं! याहून जास्त तिला काही नको होतं.

शुक्रवारचा प्रवेश असा होता. एक सरकारी खिडकी. साहेबांना भेटायचं असेल तर डावी बाही जमा करायची. खिडकीवरची बाई प्रत्येकाची बाही एका हिसक्यात उपटून घेणार, खुंटीला अडकवणार आणि बिल्ला देणार. साहेब काही भेटायचे नाहीत, आणि परत जाताना ज्याची त्याला बाही मिळायची नाही. सगळी गंमत त्या हिसक्यावर. म्हणून धाकटीनं दुकानातच कोट शिवले, उजवी बाही पक्की, डावी बाही कच्च्या टाक्यावर. टाका किती सैल ठेवायचा, यासाठी तिनं जुन्या कोटांच्या चार बाह्या उपटून बघितल्या. दादानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी ती खुंट्यांसाठी बिल्ले आणायला बाजारात गेली. परत आली तर कोट इस्त्री करून, घड्या घालून, कागदात बांधून तयार. गाठसुद्धा दादानं मारलेली.

“उशीर होईल तुला,” तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला.

 एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो धाकटीच्या आवडीच्या कामाला हात लावत होता. तिनं एक पास त्याच्यापुढे ठेवला.

“तू म्हणतेस म्हणून येतो,” दादा म्हणाला. “पण हसेन बिसेन असं समजू नकोस.”

स्टुडिओत नुसती धांदल. तारा, दिवे, रंगाचा वास, पायात घोटाळणारी माणसं, आणि त्या सगळ्यात धाकटी एकेकाच्या अंगावर कोट चढवते आहे. पहिल्या रांगेत दादा ताठ बसला होता. गळ्यातला टेप काढायचा तो विसरला होता.

लाल दिवा लागला. लांब्या म्हणून ज्याला सगळे ओळखत, तो पहिला अर्जदार. खिडकीत चष्मेवाली. चमूतली सगळ्यात गंभीर चेहऱ्याची बाई.

“बाही जमा करा.”

लांब्यानं हात पुढे केला. चष्मेवालीनं हिसका दिला. बाही जागची हलली नाही.

तिनं पुन्हा ओढली. लांब्या खिडकीवर आपटला. मग तिनं दोन्ही हातांनी धरली, खिडकीतून अर्धी बाहेर आली, शेवटी एक पाय त्याच्या छातीला लावला. प्रेक्षक खिदळायला लागले. पडद्याआडून धाकटीला खांद्यावरची शिवण दिसली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. बारीक, सरळ, दुहेरी. ही शिलाई कुणाची, हे तिनं झोपेतही ओळखलं असतं.

ती बाजारात गेली होती तेव्हा दादानं कच्चे टाके पाहिले होते. त्याला वाटलं, धाकटी विसरली, घाईत आहे, चार लोकांत नाक कापलं जाईल. म्हणून बिचाऱ्यानं एकूण एक बाही पक्की करून दिली होती.

दुसऱ्या अर्जदाराचीही बाही निघेना, तिसऱ्याचीही तेच. काकांनी डोक्याला हात लावला. धाकटीला वाटलं, गेली खुर्ची. चष्मेवालीनं मात्र केस सारखे केले आणि सगळ्या सभागृहाला कडक आवाजात विचारलं, “ही शिलाई कोणाची आहे?”

ती आपली वेळ मारून नेत होती. उत्तराची तिची अपेक्षा नव्हती. पण पहिल्या रांगेतून दादा उठला.

“माझी,” तो म्हणाला. “दुहेरी आहे, आतून पट्टी लावलीय. ओढून काही व्हायचं नाही.”

सभागृहात हशा कोसळला. दादानं मागे वळून पाहिलं, लोक कशाला हसतायत ते त्याला कळेना.

“कार्यालयाच्या वतीनं विचारते,” चष्मेवाली म्हणाली, “आता काय करायचं?”

दादानं विचार केला. गिऱ्हाइकाला उत्तर देताना करायचा तसाच. “उसवावी लागेल. बसायला काही आहे का?”

तो वर चढला. खिशातली छोटी कात्री काढली, चष्मा लावला, न भेटणाऱ्या साहेबांच्या रिकाम्या स्टुलावर बसला आणि लांब्याचा खांदा उजेडाकडे वळवून एकेक टाका उसवायला लागला. “हलू नका.” लांब्या श्वास धरून उभा. बाकीचे गुपचूप रांगेत. चष्मेवाली प्रत्येक तुटलेल्या दोऱ्याची पोच देत होती.

“परत जोडून कधी मिळेल?” लांब्यानं विचारलं.

“मंगळवारी या.” मग जरा थांबून, “नको, मंगळवारी दुकान बंद असतं.”

लोक खुर्च्यांवरून घसरत होते. पडद्याआड धाकटीला रडावं की हसावं समजेना, म्हणून ती दोन्ही करत होती. जिच्यावर ती इतकी वर्षं जीव टाकत आली ती सगळी गंमत तिच्या भावाच्या रूपानं समोर बसली होती, आणि त्याच्या गंभीर चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. अर्धीच बाही उसवून झाली आणि वेळ संपली. लाल दिवा विझला.

काका डोळे पुसत आले. “खुर्ची तुझी,” ते धाकटीला म्हणाले. “फक्त कोट या गृहस्थाच्या हाती लागू देऊ नकोस.”

दादा कपड्यांच्या खोलीत एका पेटीवर बसला होता. पार उतरलेला चेहरा. चष्मेवालीनं त्याला एव्हाना सगळं समजावलं असावं.

“म्हणजे ती निघायलाच हवी होती?”

“हो.”

“मला सांगायचंस ना.”

“तू कधी विचारलंस?”

 गळ्यातला टेप दादानं काढला, गुंडाळला, उलगडला, परत गुंडाळला.

“एक विचारू?” तो म्हणाला. “त्या खुर्चीला पुढे बरं वाटलं का?”

धाकटी बघतच राहिली. खुर्चीचा तो प्रवेश होऊन किती वर्षं उलटली होती, आणि तेव्हा हा टीव्हीकडे पाठ करून मशीन चालवत होता.

“नाही रे,” ती जमेल तितक्या गंभीरपणे म्हणाली. “अजून आडवीच आहे.”

“चुकीचा इलाज,” दादा म्हणाला. “आधी गुडघे बघायला हवे होते.”

आणि तो हसला. इतका हसला की पेटीवरून घसरून खाली बसला. धाकटी त्याच्याशेजारी जमिनीवर टेकली आणि फोटोवाल्यानं काय काय केलं ते पहिल्यापासून सांगायला लागली.