बॅटरीची तार
गाडीच्या बॅटरीच्या तारेला गुंडाळलेली काळी टेप तापली की तिचा वास बोटांना लागतो आणि जानेफळच्या आमच्या अंगणातली ती दुपार आठवते. मला पाहायला सोनाळ्याहून पाहुणे आले होते. त्यांची गाडी कडुनिंबाखाली उभी होती आणि तिचा कंपनीतूनच आलेला अलार्म कोणी हात न लावता ओरडत होता. "दरवाजा बंद असला तरी त्याले उघडाच वाटते," मुलगा ओशाळून चावीचं बटण दाबत म्हणाला. मी मान खाली घालून बसले होते. मामा हसले, "आमची पोरगी बोलत नाही, अन् तुमची गाडी चूप बसत नाही. जमली जोडी!" अलार्म थांबल्यावर मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "तुले काही सांगाचं हाय का, बाई?" आठवडाभर मनात घोळवलेलं वाक्य मी कसंबसं म्हटलं, "मला लग्नानंतरही शाळेत शिकवायचंय." तेवढ्यात अलार्म पुन्हा सुरू झाला. मुलाने धावत जाऊन बॉनेट उघडलं, बॅटरीची तार काढली आणि अंगण एकदम शांत झालं. "काय म्हणत होती हो पोरगी?" त्याच्या वडिलांनी विचारलं. बाबा माझ्या अगदी शेजारी बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. "काही नाही," ते म्हणाले, "तुम्ही म्हणान तसं, म्हणते." लग्न ठरलं. तो अलार्म अजून कोणी दुरुस्त केलेला नाही. भर दुपारी सोनाळ्याच्या दारात तो ओरडू लागला की तार काढायला मीच जाते, कारण त्या वेळी घरी मीच असते.