वास घेतलेलं फूल

आईचं परतीचं विमान रद्द झालं त्या आठवड्यात आमच्या घरात कुणीही एका जागी बसत नव्हतं. नवरा लॅपटॉप घेऊन या खोलीतून त्या खोलीत जायचा, मी चहा ठेवायचे आणि विसरायचे, आणि आई दर थोड्या वेळाने दार उघडून आभाळाकडे बघून यायची. नीउ-व्हेनेप हे आमचं डच गाव विमानतळापासून हाकेच्या अंतरावर आहे. एरवी इथे बोलताना मध्येच थांबून विमान जाऊ द्यावं लागतं. साथीच्या त्या मार्चमध्ये आभाळ गप्प झालं होतं. चुकून एखादं विमान गेलंच, तर आई हातातलं काम टाकून बाहेर धावायची आणि आत येऊन सांगायची, "एक गेलं." जसं काही पुढच्यात तिची सीट राखून ठेवलेली होती.

ती आमचं नवं घर बघायला म्हणून काही आठवड्यांसाठी आली होती. बाबा नाशिकलाच राहिले, कारण घराला कुलूप लावून दोघांनी एकदम देशाबाहेर जाणं म्हणजे चोरांना आमंत्रण, असं त्यांचं ठाम मत. बाबांना स्वयंपाकातला फक्त चहा येतो, आणि तोही आईला आवडत नाही. आता सोसायटीने कामाच्या मावशींना गेटवरच अडवलं होतं. बाबा रोज व्हिडिओ कॉलवर "मस्त चाललंय" म्हणायचे आणि त्यांच्या मागे ओट्यावर भांड्यांचा ढीग दिसायचा. एक दिवस बोलता बोलता ते खोकले. साधाच खोकला, ठसका लागल्यासारखा. पण त्या दिवसांत कुठलाच खोकला साधा नसायचा. आईने फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत येरझारा घातल्या. मी तिच्यावर चिडले. खरं तर मलाही तेच करावंसं वाटत होतं.

आमच्या रांगेतल्या घरांना पुढे छोटी बाग असते, पण दोन बागांच्या मध्ये कुंपण नसतं. आमच्या वाट्याला थोडं गवत आणि फरशा आल्या होत्या. शेजारच्या बागेत मात्र नुसते दगड होते. हा सगळा मुलूख तळं उपसून केलेला. खणलं तर माती, आणखी खणलं तर पाणी; दगड म्हणून कुठे लागायचा नाही. शेजारच्या बाईंच्या नवऱ्याने दर सुट्टीला बेल्जियमच्या नाहीतर जर्मनीच्या डोंगरांतून गाडीच्या डिकीत घालून दगड आणले होते. डिकीत दगड आणि बाईंच्या मांडीवर सुटकेस, असा त्यांचा परतीचा प्रवास. त्या दगडांचा त्यांनी घराला लागून उतार रचला, फटींमध्ये वाळू आणि खडी भरली आणि डोंगरावरची बुटकी फुलझाडं लावली. थंडी सरता सरता आधी पांढरी स्नोड्रॉप यायची, मग क्रोकस, मग बोटभर उंचीची निळी आयरिस. सगळ्यांत शेवटी, मोठ्या काळ्या दगडामागे, एक जांभळं फूल. त्याचं डच नाव वाइल्डेमान्सक्राउट, म्हणजे रानटी माणसाची वनस्पती. नाव अगदी शोभतं. कळीपासून देठापर्यंत सगळीकडे रुपेरी लव, सकाळी न विंचरलेल्या पोरासारखी.

ही माहिती मला बाईंनीच दिली होती, आम्ही राहायला आलो तेव्हा, एक कप कॉफी आणि मोजून एका बिस्किटासोबत. तेव्हाच त्यांनी हेही सांगितलं की नवरा आता जवळच्या वृद्धाश्रमात असतो. त्याला विस्मरणाचा आजार. वर्षभर तो त्यांना ओळखत नव्हता, पाहुणीशी बोलावं तसं अदबीने बोलायचा. पण त्याला बागेतलं फूल दाखवलं की तो नाव सांगायचा, आणि ते कुठल्या दगडाशेजारचं हेही सांगायचा. म्हणून प्रत्येक जातीचं पहिलं उमललेलं एक फूल कापून, अंडं ठेवायच्या कपात पाण्यात ठेवून, सायकलच्या टोपलीत घालून त्या घेऊन जायच्या. नवराबायकोत बोलणं म्हणून उरलं होतं ते एवढंच. त्या मार्चमध्ये वृद्धाश्रमाने दारं बंद केली. नशीब, नवऱ्याची खोली तळमजल्यावर होती. बाई आता खिडकीबाहेर उभ्या राहायच्या.

आता आईच्या देवांकडे येते. येताना तिने डब्यातून चांदीचा गणपती, महादेवाची पिंड आणि कुंकवाची डबी आणली होती. दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या फळीवर देव बसले. फुलांवरून मात्र पहिल्या दिवसापासून कटकट. मी सुपरमार्केटमधून ट्युलिप आणले. तिने ते बोटाने दाबून पाहिले आणि फ्रिजमधली भाजी आणि फ्रिजमधली फुलं यात काय फरक, असं विचारलं. देवाला ताजं, आपल्या हाताने तोडलेलं आणि वास न घेतलेलं फूल लागतं. या शेवटच्या कलमावर ती फार कडक. लहानपणी मी जाई नाकाशी नेली की हातातून फूल काढून घ्यायची. उष्टं झालं, म्हणायची.

बाबांच्या खोकल्यानंतर देवांपुढे रोज एक-दोन जांभळी फुलं दिसू लागली. मी दिवसभर हेडफोन लावून कामात असायचे. विचारलं तर म्हणाली, बाहेर मिळाली. कालव्याच्या काठाला तेव्हा काय काय उगवलेलं असतं. तिला काहीतरी उद्योग मिळाला, येरझारा कमी झाल्या, मला तेवढंच पुरे होतं.

मग एका दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर बाई बेल वाजवून चांगली चार पावलं मागे जाऊन उभ्या होत्या, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. चेहरा पांढराफटक. त्या एरवी मुद्द्याला हात घालणाऱ्या, पण त्या दिवशी आधी उगाच हवेबद्दल बोलल्या. कुणीतरी काळ्या दगडामागची फुलं तोडतंय, म्हणाल्या. नुसती तोडत नाही, तर दुसऱ्या दिवशी सुकलेली फुलं आणून त्याच झाडाच्या बुंध्याशी मांडून ठेवतंय. त्यांना वाटत होतं कुणीतरी मुद्दाम छळतंय. शिवाय सुकलेल्या फुलांवर लाल पावडर होती. ते विष असणार या भीतीने त्यांनी मांजराला कितीतरी दिवस घराबाहेर सोडलं नव्हतं.

"मी तिकडे अजून ते फूल नेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आता एकही उरलं नाही. आता पुढच्या वर्षीच. पुढच्या वर्षी त्याला ते नाव येईल का?"

मी त्यांच्यासोबत जाऊन पाहिलं. बुंध्याशी सुकलेल्या जांभळ्या पाकळ्या, त्यांना कुंकू, आणि मध्ये दोन-तीन अक्षता. मी बाईंना म्हटलं, जरा थांबा, मी आलेच.

आई मटार सोलत होती. फुलं शेजारून तोडलीस का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, शेजारून कुठे, दगडांमधून. ती नगरपालिकेची जागा ना? कुंपण कुठे आहे? यात तिची लबाडी नव्हती. आमच्या नाशिकच्या कॉलनीत उजाडताना अर्धे लोक आकडीची काठी आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन उरलेल्या अर्ध्या लोकांची फुलं तोडतात. कंपाउंडबाहेर आलेली फांदी सगळ्यांची. ज्याला आपलं फूल हवं त्याने लवकर उठावं. इथे तर कंपाउंडच नव्हतं.

"आणि सुकलेली परत तिथे नेऊन का ठेवलीस?"

"मग निर्माल्य काय कचऱ्याच्या डब्यात टाकू? त्या कालव्यात बदकं घाण करतात. झाडाचं झाडाला दिलं."

मी तिला दगड आणणाऱ्या नवऱ्याबद्दल सांगितलं, अंड्याच्या कपाबद्दल सांगितलं, खिडकीबद्दल सांगितलं. मी चढ्या आवाजात बोलत होते. ती ऐकत राहिली आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाली, "माझ्या माणसासाठी मी तिच्या माणसाचं फूल तोडलं गं." तिला इतकं उतरलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

बाहेर जाऊन मी बाईंना सगळं सांगितलं. लाल पावडर म्हणजे काय, फुलं परत का ठेवली, सगळं. आई माझ्यामागे दारात हात जोडून उभी. बाईंनी शांतपणे ऐकलं. देवासाठी तोडली हे समजलं, म्हणाल्या, पण विचारायला हवं होतं, आणि मला राग आलेला आहे. एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दार लावलं. आपल्याकडे कुणी असं म्हणत नाही. आपल्याकडे "जाऊ द्या हो" म्हणतात आणि मग वर्षानुवर्षं बोलत नाहीत. तरी मला त्या क्षणी आपल्याकडची पद्धत बरी वाटली.

दुसऱ्या दिवसापासून आईने देवांना नुसत्या अक्षता वाहायला सुरुवात केली. आणि येरझारा पुन्हा सुरू. आता त्या आभाळासाठी नव्हत्या. तिने खिडकीतून कुठूनसं पाहिलं होतं की काळ्या दगडाच्या अगदी पोटात, झाडाच्या पसाऱ्याखाली, एक कळी अजून शिल्लक आहे. बोटाच्या पेराएवढी, लवेत गुंडाळलेली. त्यानंतर ती खिडकी सोडेना. कावळ्यासारखे छोटे काळे पक्षी दगडांवर उतरले की काच वाजवायची. दिवसा लख्ख ऊन पडायचं, पण पहाटे दंव गोठून गवत पांढरं व्हायचं. आई मला दर संध्याकाळी फोनमधलं तापमान बघायला लावायची. कळी उमलली की बाबांचा खोकला जाणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. तोंडाने म्हणाली नाही, पण बाबांना फोन केल्यावर पहिल्यांदा त्यांची तब्येत विचारायची आणि लगेच मान वळवून खिडकीबाहेर बघायची. मला हे सहन होईना. एवढ्याशा कळीवर इतकं ओझं टाकायचं आणि ती गळून पडली तर काय करायचं?

एका संध्याकाळी पारा शून्याखाली जाणार होता. आईने माझं मोठं स्टीलचं पातेलं उचललं, बाहेर गेली, कुंपण नसलेल्या त्या हद्दीवर क्षणभर घुटमळली आणि मग दगडांवरून जपून पाय टाकत जाऊन कळीवर पातेलं उपडं घालून आली. मी डोक्याला हात लावला. आता ही बाई पोलिसांना बोलावणार. बाईंच्या स्वयंपाकघराचा पडदा हलताना मला दिसला. पण कुणी बाहेर आलं नाही.

सकाळी आईने पातेलं काढून आणलं. संध्याकाळी पुन्हा घातलं. पुढच्या सकाळी मी पडदा सरकवला तर पातेल्यावर एक चपटा दगड ठेवलेला. रात्री वारा सुटला होता, पातेलं उडालं असतं. तो दगड आईने ठेवला नव्हता. मी तिला हाक मारली. तिने पाहिलं आणि पदराने डोळे पुसले, आणि मग सर्दी झाल्याचा बहाणा केला.

कळी उमलली त्या दिवशी ऊन होतं. बाईंनी आम्हाला दाखवून, म्हणजे आमच्या खिडकीकडे बघून मान हलवून, कात्रीने देठ कापला. अंड्याचा कप, सायकलची टोपली. आई दारातच खुर्ची टाकून बसली. एक विमान गेलं, तिने वर पाहिलं नाही. मी मीटिंग सोडून तिच्यामागे उभी.

बाई परत आल्या तेव्हा चालत होत्या, सायकल हातात धरून. आमच्या फरशांच्या कडेला थांबल्या. नवरा काचेजवळ आला होता, म्हणाल्या. काच जाड, आवाज येत नव्हता, पण त्याचे ओठ हलले. नाव घेतलं की नाही ते कळलं नाही. मग त्याने हात उचलला आणि काहीतरी मोठं ओलांडून मागे दाखवावं तसा वळवून खाली नेला. बाईंनी आम्हाला तो हात करून दाखवला.

"मोठ्या दगडामागे," त्या म्हणाल्या.

त्यांनी टोपलीतून कप काढला. फूल तसंच होतं, जरा मान टाकलेलं. त्यांनी ते नाकाशी धरून दीर्घ श्वास घेतला. त्या फुलाला वास नसतो, पण माणूस घेतोच. मग कप हद्दीवरच्या फरशीवर ठेवला, मागे सरकल्या आणि मला म्हणाल्या, आईला सांग, तिच्या देवासाठी. माझ्या नवऱ्याचंही त्याला सांगायला सांग.

मी भाषांतर केलं, पण आईचे डोळे त्यांच्या नाकाकडेच होते, हे मला दिसलं होतं. आता ही नको म्हणते की काय. आईने कप उचलला, वाकून नमस्कार केला आणि आत गेली. पाय धुतले, हात धुतले, समई नव्हती म्हणून पणती लावली. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "आई, त्यांनी वास घेतला होता."

"पाहिलं मी," ती म्हणाली आणि फूल पिंडीवर ठेवलं. "आज त्याला चालवून घ्यावं लागेल."