घरी अबोल पप्पा, लिलावात मात्र…

मानसशास्त्र शिकलेलं कुणी इथे असेल, तर जरा मदत करा.

मी रोज लासलगावहून नाशिकला कॉलेजला ये-जा करते. बी.ए.चं पहिलं वर्ष. सध्या 'व्यक्तिमत्त्व' हा धडा चालू आहे. घरातल्या एका माणसाचा स्वभाव लिहून आणायचा होता. मी पप्पांना निवडलं आणि बिनधास्त लिहिलं: अंतर्मुख, माणसांत न रमणारे. जेवताना ते "मीठ दे" एवढंच बोलतात.

आज सकाळी ते मोबाईल घरीच विसरले, म्हणून तो द्यायला मी पहिल्यांदाच मार्केटमध्ये गेले. पप्पा तिथे कांद्याचा लिलाव पुकारतात, एवढंच मला माहीत होतं. पाहते तर काय! ट्रॅक्टरची रांग, व्यापाऱ्यांची गर्दी आणि मधोमध पप्पा खणखणीत आवाजात बोली पुकारतायत. एका शेतकरी आजोबांची त्यांनी अशी फिरकी घेतली, की आजोबाच सगळ्यांत मोठ्याने हसले.

मलाही हसू आलं आणि, खरं सांगू, डोळेही भरून आले. हे पप्पा आमच्या वाट्याला का नाहीत?

नंतर चहा पिताना विचारलंच. ते कपाकडे बघत म्हणाले, "इथं काय बोलायचं ते पाठ हाय. तू शिकलेली. तुझ्यापुढं काही चुकीचं बोलून बसलो तर, याची लय भीती वाटते बघ."

मी त्यांना अंतर्मुख समजत होते. ते तर मला घाबरत होते! मग आम्ही आणखी एकेक चहा घेतला.

आता सांगा, स्वभाव माणसाच्या आत असतो, की समोर कोण आहे त्यावर ठरतो? तुमच्या घरातल्या अबोल माणसाला बाहेर बोलताना कधी पाहिलंय?